दाखवायची वस्ती

"पातेलं खाली उतर बने. तुझ्या पाया पडतो, उतर."

"न्हाय उतरणार."

"अगं, घर आपलं झालंय व्हय अजून?"

"मग कुणाचं झालंय? सांगा की! कोण राहतंय हितं?"

"राहत न्हाय आपुन. आपुन नुसतं दिसतोय. साडीच्या दुकानात पुतळी उभी असती न्हवं, तसं. अंगावरची साडी माझीच म्हणून पुतळी कधी भांडलीया का?"

"पुतळी परांचीवरनं पडत न्हाय. पुतळीची तंगडी मोडत न्हाय."

कळंब्याच्या रस्त्याला बांधलेल्या 'शांतादेवी अपार्टमेंट'च्या दुसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या फ्लॅटच्या दारात गुंडू काठीवर भार देऊन उभा होता. पाडव्याची सकाळ होती. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं तर आपणही या गुन्ह्यात सामील होऊ असं वाटल्यासारखा तो बाहेरच थांबला होता. आत ओट्यापाशी त्याची बायको बनाबाई. पुढ्यात रॉकेलचा स्टोव्ह, स्टोव्हवर नवंकोरं पातेलं, पातेल्यात गंगावेशीतनं डोळ्यांदेखत पिळून आणलेलं म्हशीचं दूध.

"बिल्डिंगवाल्या वीरेशअण्णांनी काय सांगितलंय?" गुंडूनं पुन्हा सुरुवात केली. "दिवं लावा, धुणं वाळत घाला, चार माणसं वस्तीला हायती असं दिसू द्या. वास्तू घ्या, दूध उतू घाला, असं म्हटलेत का कुठं?"

"त्यांच्या आई, अव्वा, म्हटल्यात. चूल पेटीव म्हटल्यात. चूल पेटली की दूध आलं, दूध आलं की उतू आलं."

"आणि उतू गेलं की?"

"की मग मी आजऱ्याच्या यष्टीत बसतो आणि यल्लूला घिऊन येतो. तुमीच म्हणालता न्हवं, घर पक्कं झाल्याबिगर पोरीला आणायची न्हाय? आज मी पक्कं करतो. बघा."

दूध वर आलं. काठाशी येऊन क्षणभर थबकलं, विचार करावा तसं, आणि मग उगवतीच्या बाजूनं ओघळलं. स्टोव्ह फरफरला. जळक्या दुधाचा वास रिकाम्या खोल्यांत पसरला. बनाबाईनं हात जोडले. दारात उभ्या गुंडूनं काठी काखेत धरली आणि, नको नको म्हणत असताना, त्याचेही हात जोडले गेले.

ओट्यावरचं दूध तिनं दिवसभर पुसलं नाही. लक्ष्मी पुसायची नसते.

*

बनाबाई आजऱ्याची. तिथं काजूच्या कारखान्यात बायका ओळीनं बसून काजू फोडतात. टरफलातलं तेल बोटांना लागतं, कातडं भाजतं, सोलतं, आणि मग कायमचं काळं पडतं. बनाबाईच्या लग्नात हळद चढली ती मनगटाच्या वर. खाली हात होते तसेच राहिले. "नवरीनं हातमोजं घातल्यात काय गं?" असं गुंडूच्या आत्यानं विचारलं होतं, आणि बनाबाईनं पदराआडून उत्तर दिलं होतं, "व्हय, सासरचं काम सुरू झालं की काढीन." मंडपात हशा पिकला. अशी ती. जीभ तिखट, आणि नकला करण्यात हात धरणारं कुणी नाही.

गुंडू गवंडी. कोल्हापुरात तेव्हा मोकळी जागा दिसली की खड्डा, आणि खड्डा दिसला की अपार्टमेंट, असे दिवस होते. नवरा-बायको कामाला आली ती वीरेशअण्णांच्या साइटवर. वीरेश हा शाहूपुरीतल्या गुळाच्या लिंगायत अडत्याचा मुलगा. चार पिढ्या गूळ विकला, पण वीरेशला गुळाच्या ढेपांवर बसून म्हातारं व्हायचं नव्हतं. त्यानं आईच्या नावानं इमारत काढली. गुंडू वर विटा रचायचा, बनाबाई खालून घमेलं न्यायची, आणि जेवणाच्या सुट्टीत ती इंजिनियरची चाल, मुकादमाचं खाकरणं, वीरेशअण्णांचं 'लवकर आवरा की रे' असं हुबेहूब करून दाखवायची. पोरगी, यल्लू, आजऱ्याला आजीकडे होती. साइटवर वाळूच्या ढिगात पोर वाढवायची नाही, एवढं दोघांचं ठरलेलं होतं.

मग एका दुपारी परांचीचा बांबू निसटला आणि गुंडू वाळूच्या ऐवजी विटांवर पडला.

सरकारी दवाखान्यात वीरेश धावत आला. पाठोपाठ त्याची आई, शांतादेवी. "बनाक्का," तो म्हणाला, "पोलिसांत जाऊ नको. मी बुडेन. मी तुमास्नी वाऱ्यावर सोडणार न्हाय. बिल्डिंग पुरी होऊ दे. सगळं फ्लॅट विकलं की जो शेवटाला उरंल तो तुझा."

बनाबाई काही बोलायच्या आत शांतादेवीच बोलल्या. "नुसतं तोंडानं नको वीरू. गळ्यातल्या लिंगाला हात लाव."

वीरेशनं सदऱ्याची बटणं काढली, गळ्यातलं लिंग मुठीत धरलं आणि तेच पुन्हा सांगितलं. बनाबाईला पुढे कितीतरी दिवस ते दृश्य आठवलं की विश्वास वाटायचा. माणूस खोटं बोलेल, पण आईसमोर, लिंग हातात धरून?

तिला त्या वेळी भीती होती ती वेगळीच. फ्लॅट गुळासारखे हातोहात खपतील आणि शेवटाला एकही उरायचा नाही.

*

पण वारं फिरलं. इमारत रंगून उभी राहिली आणि गिऱ्हाईक आटलं. गावात जिकडे तिकडे रिकामे फ्लॅट. बघायला मात्र झुंबड. रविवारी लोक पोरंबाळं घेऊन रंकाळ्यावर जावं तसे यायचे. भिंतीवर टिचक्या मारायचे, नळ सोडून बघायचे, चहा प्यायचे आणि म्हणायचे, "बघूया की. अजून उतरंल भाव."

एक जाडजूड पैलवान सगळा फ्लॅट बघून झाल्यावर गॅलरीत उभा राहिला. "समदं झ्याक हाय पावणं. पर म्हस कुठं बांधायची?"

"म्हस?" वीरेश म्हणाला.

"मग? दूध काय नळाला येतंय?"

आणि ज्यांना म्हैस बांधायची नव्हती त्यांचा प्रश्न एकच. "कोण राहायला आलंय का? न्हाय? मग आमीच पयलं कशाला? भुतास्नी सोबत करायला?"

तेव्हा शांतादेवींनी मुलाला सुनावलं. "तुझ्या जाहिरातीच्या बोर्डानं काय हुईत न्हाय. ज्या घरात चूल न्हाय, त्या घरात माणूस पाय ठेवत न्हाय. बनाला वर राहायला पाठीव. चूल पेटू दे."

म्हणून बनाबाई आणि गुंडू साइटवरच्या पत्र्याच्या शेडमधून थेट दुसऱ्या मजल्यावर आले. गुंडूला वॉचमनचं काम. आणि बनाबाईला जे काम मिळालं त्याला कोल्हापुरात अजून नाव नव्हतं. ती वस्ती होती. सगळ्या इमारतीची वस्ती ती एकटी.

तिच्याकडच्या साड्या वेगवेगळ्या गॅलऱ्यांत वाळत पडायच्या. बंद दारांसमोर जुनी पायताणं मांडलेली असायची. दिवेलागणीला ती किल्ल्यांचा जुडगा घेऊन मजल्या-मजल्यावरून फिरायची, या खोलीत दिवा लाव, त्या खोलीतला घालव. आणि गिऱ्हाईक आलं की तिचा खरा खेळ सुरू व्हायचा. पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून ती कण्हत्या म्हातारीच्या आवाजात भाजीवाल्याला विचारायची, "मेथी कशी दिली रं बाबा?" तो उत्तर देईपर्यंत मागच्या जिन्यानं तिसऱ्या मजल्यावर जाऊन तिथून फणकारायची, "कालची वांगी किडकी निघाली तुझी! परत घिऊन जा!"

भाजीवाला हुशार. सगळी भाजी त्याच्याकडूनच घ्यायची असं त्याच्याशी ठरलेलं होतं. तो मान वर करून म्हणायचा, "वैनी, तुमच्याच बिल्डिंगमध्ये लई कटकट हाय बघा. बाया लई!"

खाली उभ्या गिऱ्हाइकाच्या बायकोच्या चेहऱ्यावर समाधान पसरायचं. शेजार आहे, भांडणारा आहे, म्हणजे माणसांचा आहे.

"बने, पाप लागंल," गुंडू म्हणायचा.

"लागू दे. फ्लॅट इकलं तर शेवटचा उरंल न्हवं? एकबी इकला न्हाय तर शेवटचा कुठला म्हणायचा?"

त्याच हिशोबानं ती वीरेशच्या योजनांवरही जीव लावायची. दसऱ्याला बोर्ड लागला, बुकिंगवर छताचे पंखे मोफत. लोक हसले. "पंखा काय, वारं तर गच्चीवर फुकट हाय." दिवाळीला सोन्याची अंगठी. दोन-तीन कुटुंबं आली. पाडव्यापर्यंत निम्मी इमारत भरली, आणि त्याच पाडव्याला बनाबाईनं आपलं दूध उतू घातलं. मे महिन्यात ती यल्लूला घेऊन आली. पोरीची बोटं बघून तिनं देवाला हात जोडले. काजूच्या तेलानं ती नुकतीच कुठं तपकिरी पडायला लागली होती. जूनमध्ये यल्लूचं नाव शाळेत घातलं. संध्याकाळी गॅलरीत बसून यल्लू मोठ्यानं धडा वाचायची आणि बनाबाई भाकरी थापता थापता तोच धडा मास्तरांच्या आवाजात म्हणायची.

पुढच्या दसऱ्याला वीरेशनं दारात कोरी स्कूटर आणून उभी केली. झेंडूचा हार, हँडलला फुगे. 'फ्लॅट घ्या, स्कूटरवरून घरी जा.' मग मात्र जुन्यांचा मोर्चा आला.

"वीरेशशेठ, आमाला पंखा आणि ह्यास्नी स्कूटर? आमी काय तुमचं घोडं मारलंय?"

"आवो, तवा ती योजना न्हवती."

"मग आमची योजना आता करा की! पंखा परत घ्या, स्कूटर द्या!"

वीरेश सगळ्यांना हात जोडत फिरायचा. तो वाळला होता. शाहूपुरीतली अडत त्यानं विकली असं कुणीतरी म्हणालं. शांतादेवी आता देवळाला जातानाही रिक्षा सोडून चालत जायच्या. पण बनाबाईचं लक्ष गॅलऱ्यांकडे. एकेक फ्लॅट जाईल तशी ती तिथली आपली साडी काढून आणायची, आणि तिच्या दोरीवर गर्दी वाढत जायची. शेवटी सगळ्या साड्या एकाच गॅलरीत आल्या. तिच्या.

कोपऱ्यातला फ्लॅट शेवटचा उरला होता.

"झालं," ती गुंडूला म्हणाली. "आता अण्णा येतील आणि किल्ली देतील."

"किल्ली तर आपल्याकडंच हाय," गुंडू म्हणाला.

"ती न्हवं. कागदाची किल्ली."

*

वीरेश आला, पण एकटा नाही. बरोबर एक जोडपं आणि त्यांची म्हातारी. बनाबाईला वाटलं सहजच बघायला आलेत. पण म्हातारी थेट स्वयंपाकघरात शिरली आणि ओट्यापाशी थांबली. काळ्या कडप्प्यावर उगवतीच्या अंगाला पांढरट ओघळ मुरला होता.

"ह्यो डाग कशाचा?"

"दुधाचा," बनाबाई म्हणाली. "पाडव्याला उतू घातलतं."

म्हातारीनं हात मागे घेतला, चटका बसल्यासारखा. "म्हंजी ह्या घराची वास्तू झालीया. दुसऱ्याची. आमी उष्ट्या घरात यायचं व्हय रं?" ती लेकाला म्हणाली. "चल."

गाडी गेली आणि वीरेश तावातावानं वर आला.

"दूध कुणी उतू घातलं? कुणाला इचारून?"

"तुमच्या अव्वा म्हणालत्या, चूल पेटीव."

"चूल पेटीव म्हणजे च्या कर म्हटलं होतं! वास्तू घे म्हटलं होतं व्हय?"

"अण्णा, पर गिऱ्हाईक आणलंच कशाला? शेवटचा उरला की हा."

वीरेश खिडकीबाहेर बघत राहिला. मग, तिच्याकडे न बघता, "बघूया," एवढंच म्हणाला आणि जिना उतरला.

तो 'बघूया' बनाबाईनं ओळखला. रविवारी येणारे लोक असंच म्हणायचे.

मग ती शहाणी झाली, निदान तिला तसं वाटलं. त्यानंतर जे कुणी बघायला आलं, त्याला तिनं स्वतःहून ओट्यापाशी नेलं. "ह्यो बघा डाग. मीच घातलतं दूध. पूर्वेला गेलं बरं का, झक्कास! लई पावलं मला घर." गिऱ्हाइकांची तोंडं उतरायची. कुणी म्हणायचं उष्टं, कुणी म्हणायचं बाधलंय, एक भटजी तर म्हणाला की पुन्हा वास्तुशांत करूनसुद्धा पहिलीचाच हक्क राहतो. बनाबाईनं ते वाक्य पदरात बांधून घेतलं. जाता-येता म्हणायची, "पयलीचाच हक्क राहतोय. बामन म्हणलाय."

"बामन कोर्टात येणार हाय व्हय?" गुंडू म्हणाला.

"कोर्ट कशाला? लिंग हाय की."

तिला एवढंच कळलं नाही की प्रत्येक नकाराला वीरेश भाव आणखी खाली आणत होता. डाग ती दाखवत होती आणि घर स्वस्त होत होतं. इतकं स्वस्त झालं की शेवटी ते मुरगूडच्या गणपतरावांच्या आवाक्यात आलं.

*

गणपतराव निवृत्त हेडमास्तर. टोपी, छत्री, आणि कशालाच न भिणारी नजर. बनाबाईनं त्यांनाही ओट्यापाशी नेलं आणि आपला पाठ म्हणून दाखवला. त्यांनी बोटानं डाग खरवडला.

"असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही," ते वीरेशला म्हणाले. "पण लोकांचा आहे, हे बरं झालं. वापरलेलं घर आहे. त्याचं कमी करा."

"सर, आणखी किती कमी करू? जीव देऊ काय आता?"

"बरं, मग स्कूटर?"

"स्कूटरवाल्यानं उधार बंद केलंय."

"अंगठी? पंखे?"

"सर, ह्या बिल्डिंगमध्ये आता देण्यासारखं माझ्याकडं काय न्हाय." वीरेश हसला, पण ते हसणं रडण्याच्या इतकं जवळ होतं की बनाबाईनं नजर फिरवली. ती चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मास्तरांच्या मिसेस स्वयंपाकघरातून सावकाश बाहेर आल्या. जाड भिंगाचा चष्मा, प्रेमळ चेहरा, गुडघ्यांवर हात.

"घर मात्र आरशासारखं ठेवलंय बाई हिनं," त्या म्हणाल्या. "मला आवडलं. पण माझ्यानं आता फरशी पुसवत नाही. मुरगुडात बाई होती, हितं कुठली शोधायची?"

वीरेशनं मान वर केली. बनाबाईनं त्याचे डोळे बघितले आणि तिला आधी कळलं, मग ऐकू आलं.

"वैनी, बाई आमच्याकडनं. एक वरीस. भांडी, धुणं, फरशी. पगार मी देतो. तुमाला फुकट."

"कोण?"

"ही की. बनाक्का. हिला घराचा कोपरा न् कोपरा म्हाईत हाय."

मिसेस खुशीत हसल्या. "अगं बाई! घराबरोबर घरची बाईपण?"

"स्कूटरपेक्षा बरं," गणपतराव म्हणाले. "पेट्रोल लागणार नाही."

सगळे हसले. बनाबाईनं चहा न देताच ट्रे खाली ठेवला.

पाहुणे जिना उतरले तसा तिनं वीरेशला दारातच अडवलं.

"अण्णा, लिंग हातात धरलंतं तुमी."

"आठवतंय."

"अव्वांसमोर."

"आठवतंय की गं!" तो ओरडला आणि लगेच आवाज खाली आणला. "बनाक्का, ऐक. अडत गेली. अव्वाचं दागिनं गेलं. हा एक फ्लॅट इकला तर बँक राहतं घर सोडती. न्हाय इकला तर अव्वाला घिऊन मी कुठं जाऊ? तू सांग. तू म्हणशील तसं करतो."

तिनं खूप राग गोळा करून ठेवला होता, पण समोर उभा माणूस राग लागायलासुद्धा शिल्लक नव्हता.

"जिन्याखालची खोली तुमची," वीरेश म्हणाला. "वॉचमनची. कायमची. आणि वर्षाचा पगार. तुमास्नी रस्त्यावर टाकलं न्हाय ना मी?"

"पगार कुठनं देणार?" बनाबाईनं विचारलं.

वीरेश जिना उतरायला लागला.

ती शांतादेवींकडे गेली. राहत्या घराच्या सोप्यात त्या जमिनीवर बसल्या होत्या. गळ्यात नुसती लिंगाची पेटी, बाकी काही नाही. बनाबाईनं काही विचारायच्या आतच म्हाताऱ्या बाईचे डोळे भरले. "मला काय इचारू नको गं बना," त्या म्हणाल्या. "मी त्याला जन्म दिला आणि मीच त्याला शपथ घ्याय लावली. आता दोन्ही पापं माझीच." मग त्यांनी तिला गूळ-पाणी दिलं. बनाबाईनं ते घेतलं. नाही कसं म्हणणार? ती तशीच परत आली.

"काय म्हणाल्या?" गुंडूनं विचारलं.

"रडल्या."

"मग हो म्हण. खोली हाय, शाळा जवळ हाय. एक वरीस काम कर. माझ्या पायानं दुसरं काय हुणार हाय?"

"माझ्याच घरात फरशी पुसू?"

"तुझं कधी हुतं बने?"

तो वाईट वाटावं म्हणून बोलला नव्हता, पण त्या रात्री ती जेवली नाही.

*

जिन्याखालच्या खोलीत पूर्वी सिमेंटची पोती असायची. कितीही झाडली तरी बोटाला करडी धूळ लागायची. यल्लूनं विचारलं नाही आपण खाली का आलो. तिनं फक्त पुस्तकं चाळली, धूळ झटकली आणि दिव्याखाली बसली. गॅलरीत बसून वाचायची तेव्हा तिचा आवाज रस्त्यापर्यंत यायचा. इथं ती मनात वाचू लागली. बनाबाईला ती शांतता सहन व्हायची नाही.

"मोठ्यानं वाच की गं."

"नको आई. जिन्यावरनं माणसं जात्यात."

गणपतरावांची पूजा झाली ती माघात. ओटा त्यांनी घासून पॉलिश करून घेतला होता. मुरगूडची माणसं आली होती, वीरेश आणि शांतादेवीही होत्या. शेजारपाजारचे सगळे आले, तेच, ज्यांना खाली उभं करून बनाबाईनं कधीकाळी दोन-दोन आवाज ऐकवले होते. पंगती उठल्या तसं बनाबाईनं पानं उचलली, फरशी पुसली. गुंडू दारात काठी घेऊन बसला होता. कुणीतरी म्हणालं, "वैनी, लई नशीब काढलंत. घर बी मिळालं आणि घराला बाई बी."

मिसेस खुर्चीत बसल्या होत्या. दमल्या होत्या, पण समाधानी दिसत होत्या. त्यांनी बनाबाईला जवळ बोलावलं. शब्दांत माया होती, हे बनाबाईलाही नाकारता आलं नसतं.

"बस गं जरा. सकाळपासून उभी आहेस. उद्यापासून किती वाजता येशील?"

"तुमी सांगाल तवा यील की वैनी," दारातून गुंडू म्हणाला.

"सहाला आलीस तर बरं. यांना चहा लवकर लागतो." मग त्यांना काहीतरी आठवलं. "आणि ती चुणचुणीत मुलगी, जिन्याखाली बसलेली असते, ती तुझीच ना? केवढी आहे?"

"बारा," बनाबाई म्हणाली.

"अगं मग तिलाही घेऊन येत जा. शाळेतून आली की. भांडी विसळेल, केर काढेल. एकटी तू कुठं कुठं पुरी पडणार? आणि मुलीच्या हाताला लवकर वळण लागलेलं बरं. आम्ही काही परकी समजणार नाही तिला. खाऊनपिऊन राहील."

"व्हय की," कोपऱ्यातून वीरेश घाईघाईनं म्हणाला. त्याला मास्तरांकडून शेवटचा चेक अजून यायचा होता. "पोरगी बी येईल. त्यात काय? योजनेतच धरा ते. न्हाय का गं, बनाक्का?"

शांतादेवींनी पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे तोंड केलं.

बनाबाईनं गुंडूकडे बघितलं. तो खाली बघत होता. काठीचं टोक फरशीवर गोल गोल फिरवत होता. तिला वाटलं आता तरी हा काहीतरी म्हणेल. एवढं एक तरी. पोरीला नको, एवढंच.

"शाळा सकाळची असती तिची," गुंडू म्हणाला. "दुपारनं मोकळीच असती."

"झालं तर!" मिसेस म्हणाल्या. "मग उद्यापासूनच आण. आणशील ना?"

हॉलमधल्या सगळ्यांची तोंडं तिच्याकडे. एरवी अशा वेळी बनाबाईला दहा आवाज सुचले असते, म्हातारीचा, सुनेचा, मास्तरांचा. आत्ता तिला स्वतःचासुद्धा सापडेना.

तिनं हातातलं ओलं फडकं पिळलं. पिळून झालं तरी पिळत राहिली. मग ते बादलीच्या काठावर पसरून ठेवलं, पदराला हात पुसले आणि गुंडूची काठी ओलांडून दाराबाहेर पडली.

"बने," गुंडू म्हणाला. "अगं, त्या काय इचारत्यात? बने!"

ती जिना उतरत राहिली, खाली पुस्तक घेऊन बसलेल्या यल्लूकडे.